तक्रार काही नाही, सर

सरकारी कागदावर 'सुधारणा' हा शब्द दिसला की शहाण्या माणसानं आधी आपल्या खिशाला आणि मग आपल्या छातीला हात लावून बघावा. काकूंच्या फोनवर तो शब्द सकाळच्या चहाच्या वेळेला आला. निवृत्त सैनिकांच्या आरोग्य सुविधांमध्ये सुधारणा करण्यात येत आहेत, असं त्या संदेशात होतं, आणि खाली उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छाही होत्या. काकूंनी तो वाचला, काही कळलं नाही म्हणून परगावी असलेल्या लेकीला पाठवला, आणि चहा गाळायला लागल्या.

लेकीनं फोन करून अर्थ सांगितला. ज्यांच्या घरी सरकारी मदतनीस येतो त्या सगळ्या म्हाताऱ्यांची आता वैद्यकीय बोर्डापुढे नव्यानं तपासणी होणार. ज्याला स्वतःचं स्वतः उठता येत नाही, चालता येत नाही, त्याचाच मदतनीस पुढे चालू. ज्याला येतं त्याचा बंद. काकू म्हणाल्या, मग आपल्याला कसली भीती, यांना कुठं उठता येतंय. लेक म्हणाली, "आई, मी बाबांना ओळखते."

बाबा म्हणजे उस्ताद. फौजेत नव्या रंगरुटांना कवायत शिकवण्यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं, त्यामुळे निवृत्त होऊन जमाना झाला तरी सगळी गल्ली त्यांना उस्तादच म्हणायची. एके काळी या माणसाच्या आवाजानं मैदानाच्या दुसऱ्या टोकाचे कावळे उडायचे म्हणे. आता कंपवातानं तो आवाज घशात कुठंतरी खाली जाऊन बसला होता. हात थरथरायचे, चेहरा लाकडी झाला होता, पाणी पिताना ठसका लागायचा. आणि पाय तर मनाचे राजे. खोलीत दोन पावलं टाकायचे आणि दाराच्या उंबऱ्याशी आले की जमिनीला चिकटायचे. मग उस्ताद तिथंच उभे, पुढे नाही की मागे नाही, आणि काकू पाठीमागून कमरेला धरून उभ्या.

काकूंच्या स्वतःच्या मणक्यात गॅप होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. बादली नाही उचलली तर चालतं, नवरा कसा नाही उचलायचा? एकदा त्यांनी उचलला होता, न्हाणीघरात घसरला तेव्हा. त्यानंतर त्या स्वतः इतके दिवस आडव्या होत्या की दोघांना शेजारणीनं चमच्यानं भरवलं. त्यानंतर अर्ज-विनंत्या करून, उंबरे झिजवून, सरकारी कार्यालयाकडून मदतनीस मिळाला.

हा मदतनीस अंगानं असा काटकुळा की उस्तादांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव पहिलवान ठेवलं. पण नाव सार्थ केलं त्यानं. सकाळी यायचा, उस्तादांच्या काखेखालून टॉवेल घालायचा, पुढे-मागे झुलवायचा आणि अलगद उभं करायचा. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आंघोळ घालायचा, कपडे बदलायचा, रात्री ओलं झालेलं अंथरूण गुपचूप गोळा करून धुण्याच्या यंत्रात टाकायचा. त्यावरून कधी एक शब्द नाही. उस्तादांना लाज वाटू नये म्हणून तो तेवढ्या वेळात स्वतःच्या बायकोच्या कागाळ्या सांगत बसायचा. संध्याकाळी पुन्हा एक फेरी. काकूंचं घर या माणसाच्या दोन हातांवर उभं होतं, यात तिळमात्र खोटं नाही. तो गेला तर उस्ताद अंथरुणाला खिळणार, आणि त्यांना उठवता उठवता काकूही. लेकीच्या घरी न्यायचं तर तिचं दीड खोल्यांचं घर, त्यात सासू अंथरुणावर. कोण कुणाला सांभाळणार?

म्हणून लेकीनं आईला पढवून ठेवलं. रोज फोन करून पढवलं. तपासणीच्या दिवशी बाबांची दाढी करायची नाही. इस्त्रीचा शर्ट नको. सकाळची कंपवाताची गोळी उशिरा द्यायची, म्हणजे त्यांचं खरं रूप डॉक्टरांना दिसेल. काही खोटं सांगायचं नाहीये आई, फक्त जे आहे ते झाकू नकोस. काकू प्रत्येक वेळी हो हो म्हणाल्या. त्यांना पटलंही होतं. पण आयुष्यभर ज्या बाईनं नवऱ्याच्या बुटांत आपला चेहरा बघून टिकली लावली, तिला नवरा गबाळा न्यायला सांगणं म्हणजे माशाला झाडावर चढायला सांगण्यासारखं.

त्या सकाळी गोळीची वेळ झाली. उस्तादांचा हात असा थरथरत होता की पांघरूण पलंगावरून खाली आलं. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, स्वयंपाकघरात जाऊन रिकामं पातेलं घासलं. उस्ताद काही मागत नव्हते. हेच तर वाईट. मागितलं असतं तर दटावता आलं असतं. शेवटी काकूंनी गोळी दिली. गोळी दिली तसा चेहरा जरा हलला, आणि चेहरा हलला तशी दाढीची खुंटं दिसायला लागली. साहेबांपुढे जायचं आणि असं? पहिलवान वस्तरा घेऊन आला तेव्हा काकूंनी त्याला नको म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाल्या, मिशीची टोकं सारखी कर. मग शर्ट आला, इस्त्रीचा. मग बूट, ते तर उस्तादांनी आदल्या संध्याकाळीच थरथरत्या हातानं पुसून ठेवले होते. जित्याची खोड म्हणतात ती दोघांनाही होती. पहिलवानानं त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, मागे सरून पाहिलं आणि म्हणाला, उस्ताद, नवरदेव दिसताय. तो बिचारा काय बोलला ते त्यालाही कळलं नाही.

बोर्डाच्या कार्यालयात लांबच लांब व्हरांडा होता आणि भिंतीला लागून म्हाताऱ्यांची रांग. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या नाकात नळी. आणि काय सांगायचं, सगळे गुळगुळीत दाढी करून आलेले. प्रत्येकाच्या शेजारी एक बायको किंवा एक सून, तोंड पाडून बसलेली. काकूंच्या शेजारची बाई हळूच म्हणाली की तिनं नवऱ्याचे बूट लपवून ठेवले होते, तर त्यानं शेजाऱ्याचे मागून आणले. काकूंना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांनी उस्तादांच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं.

उस्तादांचा पुकारा झाला. आत बोर्डाचे डॉक्टर होते, ते स्वतः फौजेतूनच निवृत्त झालेले, पाठ अजून ताठ. बाजूला संगणकावर एक मुलगी टाइप करत होती. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्यांनी कागद चाळले, आणि कवायतीचे उस्ताद हे शब्द वाचले मात्र, त्यांचा चेहरा खुलला. मला असेच एक उस्ताद होते, म्हणाले, पायाची टाच चुकली की मैदानाला फेरी मारायला लावायचे, त्यांच्यामुळे आज उभा आहे. उस्तादांच्या लाकडी चेहऱ्यावर काहीतरी चमकलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतं, काही त्रास? आता फौजेत साहेबानं हा प्रश्न विचारला की त्याचं उत्तर एकच असतं, आणि ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही.

"तक्रार काही नाही, सर," उस्ताद म्हणाले. घशात खोल गेलेला आवाज कुठून वर आला कोण जाणे.

काकूंनी घाईघाईनं मध्ये तोंड घातलं, पण डॉक्टर आता जुन्या आठवणींत शिरले होते. ते टेबलामागून उठले, उस्तादांच्या समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, उस्ताद, एकदा होऊनच जाऊ दे. आणि मायेनं, अगदी मायेनं, त्यांनी मैदानावरचा हुकूम दिला. सावधान.

उस्ताद उठले. कुणाचा हात न धरता, खुर्चीच्या हातांवर भार न टाकता, सरळ उठले. टाचा जुळल्या, मुठी पँटच्या शिवणीला लागल्या. डॉक्टरांनी पुढे चल म्हटलं आणि एक-दोन, एक-दोन मोजायला सुरुवात केली, आणि घरात उंबऱ्याशी चिकटणारे ते पाय उचलले गेले. त्या ठेक्यावर ते दारापर्यंत गेले, उंबरा ओलांडून व्हरांड्यात गेले. वळले. परत आले. थांबले आणि सॅल्यूट ठोकला. तो हात थरथरत नव्हता. व्हरांड्यातल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी सॅल्यूट परत केला आणि चष्मा पुसला.

आणि काकू? खोटं कशाला सांगा, काकूंचा ऊर भरून आला. हाच तो माणूस, ज्याच्याकडे बघून त्या लग्नाला हो म्हणाल्या होत्या. श्वास एकदा आत गेला आणि बाहेर यायच्या आत त्यांच्या कानावर टाइप करण्याचा आवाज पडला. डॉक्टर सांगत होते, मुलगी टाइप करत होती. आधाराशिवाय उभे राहतात. आधाराशिवाय चालतात.

तेव्हा काकू बोलल्या. सगळं बोलल्या. परक्या माणसापुढे, परक्या मुलीपुढे, नवऱ्याच्या देखत. रात्री अंथरूण ओलं होतं. पाण्याचा ठसका लागून डोळे पांढरे होतात. शौचाला बसवावं लागतं आणि धुवावंही लागतं. शर्टाचं एक बटण लावायला जमत नाही. हे आत्ता जे चालले, तसं घरात एक दिवस चालले नाहीत, हा हुकुमाचा चमत्कार आहे, कवायत संपली की संपलं. माझ्या मणक्यात गॅप आहे, मी यांना उचलू शकत नाही. बोलताना त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलणं झालं नसतं.

डॉक्टरांनी उस्तादांकडे पाहिलं, खरं का, अशा नजरेनं. उस्ताद अजून सावधानमध्येच होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

"ती घाबरते, सर," ते म्हणाले. "बायकांचं तुम्हाला माहीत आहे. असं काही होत नाही."

काकूंनी आता कुणाला खोटं पाडायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. डॉक्टरांनी खाली पाहिलं, थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाले, बाई, मला डोळ्यांनी दिसलं ते मी लिहायचं असतं. तुमची हरकत असेल तर पुढच्या तपासणीत मांडा. आणि निरोप देताना, मन भरून, म्हणाले, असा नवरा मिळाला, नशीबवान आहात.

गाडीत बसेपर्यंत गोळीचा अंमल उतरला होता आणि हुकुमाचाही. गाडीवाल्यानं आणि रस्त्यावरच्या दोघांनी मिळून उस्तादांना पोत्यासारखं आत घातलं. वाटेत ते एकदाच बोलले. सायबाचा कमांड चांगला होता, म्हणाले, पण एक-दोन जरा घाईत मोजतो.

दुपारीच फोनवर निकाल आला. नव्या यंत्रणेत सगळं झटपट होतं, ही त्यातली सुधारणा. घरगुती मदत आजपासून समाप्त, असं होतं, आणि उत्तम आरोग्यासाठी पुन्हा शुभेच्छा. पाठोपाठ पहिलवानाचा फोन. त्याला उद्यापासून दुसरं घर दिलं होतं, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. काकू, मी सुट्टीच्या दिवशी येऊन जात जाईन, असं तो म्हणत होता, पण त्याला सुट्टी कधी असते ते त्यालाच माहीत नव्हतं, आणि मध्येच त्याचा आवाज फाटला. काकूंनी त्याची समजूत घातली. लेकीला मात्र फोन केला नाही. तिचा आला तो उचलला नाही. कुठल्या तोंडानं सांगणार, की गोळी मी वेळेवर दिली आणि दाढी मी करवून घेतली?

संध्याकाळची फेरी कुणी मारणार नव्हतं. दिवेलागणीला उस्तादांना न्हाणीघरात जायचं होतं. काकूंनी टॉवेल काखेखालून घातला, पहिलवान झुलवायचा तसं झुलवलं, आणि कसंबसं उंबऱ्यापर्यंत आणलं. तिथं पाय चिकटले. काकूंनी कमरेला धरलं. उस्ताद हळूहळू खाली बसायला लागले, आणि त्यांना सोडून द्यायचं नाही म्हणून काकूही त्यांच्याबरोबर खाली गेल्या. आपटलं कुणीच नाही, तेवढं एक बरं. दोघं ओल्या फरशीवर बसली, भिंतीला पाठ लावून. थोड्या वेळानं फरशीवर आणखी ओल पसरली, आणि ती कोमट होती. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. पाठीतून कळ पायापर्यंत गेली होती, पण त्यांनी तो हात सोडला नाही.

उस्ताद मात्र खुशीत होते. बऱ्याच दिवसांनी इतके खुशीत.

"पास झालो ना गं मी?"

"झालात ना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"उद्या पहिलवान आला की तू काही बोलू नकोस. मी सांगणार त्याला. सायबानं मला सॅल्यूट केला ते."

"बरं. तुम्हीच सांगा."

त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक उद्या कसं सांगायचं त्याची तयारी चालली होती. मग त्यांना कापरं भरलं.

"उठव आता. गार लागतंय."

"हो, उठवते," काकू म्हणाल्या, आणि बसूनच राहिल्या.