उजवा गुडघा

काकूंनी नापासाचा कागद टेबलावर असा आपटला, की मालकांचा कप बशीतल्या बशीत नाचला.

"वाचा," त्या म्हणाल्या. "मोठ्याने वाचा."

मालकांनी चष्मा चढवला. "ब्रेक उशिरा. दोनदा. परीक्षकाला हँडब्रेक ओढावा लागला." मग चष्म्यावरून त्यांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या मास्तरकडे बघितलं. "या महिन्यातला हा चौथा नापास."

मास्तर गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत राहिला. या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तो नऊ वर्षं गाडी शिकवत होता. त्याच्या हाताखाली शिकलेला माणूस सहसा नापास होत नसे. मागच्या वर्षी मालक तसं पाटीवर लिहून घ्यायला निघाले होते. पेंटर मिळाला नाही ते बरंच झालं.

"मला एक सांगा," काकू आता थेट त्याच्याकडे वळल्या. "तुमच्या गाडीत ब्रेक मी लावायचा, की तुम्ही?"

"तुम्हीच लावायचा."

"लावायला मिळाला तर ना! माझा पाय पोचायच्या आत गाडी थांबलेली असते. त्या परीक्षेच्या गाडीत मी आपली बसले वाट बघत, थांबेल आता, थांबेल आता. तो परीक्षक पांढराफटक पडला!" त्यांनी दम घेतला. "पंचवीस वर्षं शिलाई मशीन चालवतेय मी. पेडल दुसऱ्याच्या पायाने हललं, की आपल्या पायाला कळतं. मला आधीच शंका आली होती. पण म्हटलं, मास्तर आहेत, शिकवायची पद्धत असेल काहीतरी."

"गुडघ्याचा त्रास आहे त्याला," मालकांनी सावरून घेतलं. "औषध चालू आहे."

"गुडघा दुखत असला तर माणूस ब्रेक कमी दाबेल की जास्त?"

मालकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मास्तरकडे उत्तर होतं, पण ते तिथे देण्यासारखं नव्हतं.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. अडीनडीला लागला तर असावा म्हणून. पूर्वी मास्तरचा पाय त्याच्यावर महिन्यातून एखादवेळी जायचा. बाकी वेळ तो खिडकीवर कोपर टेकवून "हळू, हळू, क्लच सोडा, गाडी काय पळून जात नाही," असं पुटपुटत बसायचा.

मग सहा महिन्यांपूर्वी एकदा सिग्नलला थांबलेले असताना त्याच्या छातीत धडधडायला लागलं. काही झालंच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ना कुणी आडवं आलं, ना कुणाला धक्का लागला. कॉलेजातली एक मुलगी दिवा हिरवा व्हायची वाट बघत होती आणि मास्तरला वाटलं, आता आपण मरणार. तोंड कोरडं पडलं, बोटं बधिर झाली. दिवा हिरवा झाला, गाडी पुढे गेली, आणि तो काही मेला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र गाडीत बसताना पाय आपोआप ब्रेकवर गेला, आणि तेव्हापासून तिथेच राहिला.

बाकीचं हळूहळू आलं. सकाळी अंथरुणातून उठायचं म्हणजे अंगावरची गोणी बाजूला सारायची. दाढी करताना अर्धा चेहरा झाला की उरलेल्या अर्ध्याचा कंटाळा. कुणी हसलं की राग, कुणी विचारलं की त्याहून जास्त राग.

दवाखान्यात तो गेला नव्हता असं नाही. दोनदा गेटावरून परत फिरला. तिसऱ्यांदा खिडकीपर्यंत पोचला. केसपेपर देणाऱ्या ताईंनी काचेआडून विचारलं, "कुठला विभाग?" मागे चाळीस माणसं. लगेच मागच्याचा श्वास त्याच्या मानेवर. त्याच्या तोंडून निघालं, "गुडघा."

मग काय, दवाखाना उजव्या गुडघ्याच्या मागे लागला. एक्स-रे झाला, रक्त तपासलं, घट्ट बसणारी पट्टी मिळाली, जिना टाळायचा सल्ला मिळाला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "फोटोत तर काही दिसत नाही, पण तुम्ही म्हणता तर दुखत असेल." आणि घरी बायको रोज संध्याकाळी तेल कोमट करून गुडघा चोळून द्यायला लागली. खोट्याला इतकी सेवा मिळालेली त्याने कधी बघितली नव्हती.

"पुढची टेस्ट गुरुवारी आहे," काकू म्हणाल्या. "आत्ता चला. आणि पाय वर घेऊन बसायचं."

"म्हणजे?"

"मांडी घालून."

"काकू, गाडीत मांडी घालून कसं बसणार?"

"दुकानात हातशिलाईला मी तास-तास तशी बसते. तुम्हाला अर्धा तास जमेल."

मालकांनी मान खाली घालून कप तोंडाला लावला. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

तर असा तो बसला. पट्टा लावून, चपला खाली काढून, सीटवर मांडी घालून. काकूंनी आरसा नीट केला, गिअर टाकला आणि गाडी रस्त्याला लागली. चांगली चालवत होत्या त्या. पहिल्या वळणावर ब्रेक थोडा जोरात बसला, दुसऱ्यावर बेताचा. पुढे एक सायकलवाला मध्येच वळला. काकूंनी वेग कमी केला, त्याला जाऊ दिलं, आणि एक शिवी हासडून पुन्हा वेग घेतला. शिकवण्यासारखं खरं म्हणजे काही उरलंच नव्हतं.

मास्तरचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. डावा पाय बधिर झाला. उजवा नुसता थरथरत होता. पुढचा ट्रक अजून कितीतरी लांब होता, पण त्याच्या कानात रक्त ठोके द्यायला लागलं. श्वास आत जायचा, पण पुरायचा नाही. त्याने काच खाली केली. मग अजून खाली, पण काच संपली होती.

"थांबवा," तो म्हणाला.

"का? बरोबर तर चाललंय."

"गाडी बाजूला घ्या!"

काकूंनी आरशात बघितलं, दिवा दिला, गाडी कडेला घेऊन अगदी अलगद उभी केली. "बघा," त्या खूश होऊन म्हणाल्या, "एकटीने थांबवली की नाही?" आणि मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ पांढरे.

"अहो मास्तर. काय होतंय?"

"काही नाही. होतं असं. जातं."

"कधीपासून होतं?"

त्याने दार उघडून पाय बाहेर सोडले आणि डोकं खाली घालून बसला. काकूंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. दोन घोट घेऊन तो म्हणाला, "तुम्ही नापास झालात त्यात तुमची चूक नव्हती. बाकीच्या तिघांचीही नव्हती."

"ते मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज काही मऊ झाला नव्हता. "पण हे आधी बोलायचं की नाही? माझ्या दुकानाच्या पाच सकाळी गेल्या. डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं."

"मग दुसऱ्याला दाखवा!"

त्या दिवशी संध्याकाळी तो पलंगावर पाय पसरून भिंतीकडे बघत पडला होता. बायको तेलाची वाटी घेऊन आली. ती लहान मुलांच्या शाळेत बाई होती. दिवसभर तीस पोरांना सांभाळून घरी यायची आणि एकतिसावं हे. तिने पँट वर गुंडाळली आणि गुडघा चोळायला लागली.

"दुखतंय?"

"हं."

"इथे?"

"हं. तिथेच."

तिचा हात थांबला. "हा डावा आहे."

त्याने मान खाली करून बघितलं. डावाच होता.

"आठ दिवस झाले," ती म्हणाली. "रोज डाव्याला लावतेय. एकदाही म्हणाला नाहीस, अगं दुसरा."

कान तापले त्याचे. कुणी पकडल्यावर माणूस ओशाळतो, तसा तो ओशाळलाही असता, पण त्याच्याआधी राग पोचला. "परीक्षा घेत होतीस माझी?"

"म्हटलं, मास्तर सगळ्यांना टेस्टला पाठवतात. त्यांची पण एक होऊ दे."

कुणीच हसलं नाही.

"काय होतंय तुला, ते सांग ना."

"काही होत नाही."

"आंघोळीला जातोस आणि नळ सोडून नुसता उभा राहतोस. अंगावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा असतो रे. एवढं कळतं मला."

"म्हणजे मी वेडा आहे, असंच ना?"

"तो शब्द मी काढला नाही. तू काढलास."

तो तटकन उठला. तेलकट गुडघ्यावर पँट तशीच ओढून बाहेर निघाला. दार जोरात आपटायला गेला, तर मध्ये पायपुसणं अडकलं. धड आपटलंही नाही ते. फट ठेवून तसंच राहिलं, आणि फटीतून ती वाटी उचलून आत जाताना दिसली. काही बोलत नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मालकांना फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं आणि दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला. गेटावर पाय अडखळले होते, पण मागून स्ट्रेचर येत होतं. वाट द्यायला आत सरकावंच लागलं. रांग सावकाश पुढे जात होती. तो मनात एकच शब्द घोकत होता, शाळेत कविता पाठ करावी तसा. पुढे सहाजण. चार. एक.

"बोला," काचेआडून ताई म्हणाल्या.

"मानसोपचार."

"काय? काच आहे मध्ये, मोठ्याने बोला."

"मानसोपचार."

"बुधवार आणि शनिवार. आज मंगळवार. उद्या या. पुढचे कोण?"

तो हलला नाही.

"अहो, ऐकू आलं ना? आज डॉक्टर नसतात."

"पण मी आज आलोय."

"मग मी काय करू?"

"उद्या माझ्याच्याने होणार नाही!" आणि मग त्याचा ताबा सुटला. "सहा महिने झाले! छातीत धडधडतं, झोप नाही, सकाळी उठवत नाही. लोकांना गाडी शिकवतो मी, आणि मलाच गाडीत बसवत नाही. माणसं नापास होतायत माझ्यामुळे! इथे येऊन गुडघा सांगितला मी, तुम्ही गुडघ्याचे फोटो काढलेत! चांगला आहे माझा गुडघा! तो शब्द तोंडातून काढायला मला सहा महिने लागले, आणि तुम्ही म्हणताय आज मंगळवार!"

आवाज छताला लागून खाली आला. बाकावरची माणसं वळली. एका बाळाने रडणं थांबवलं. सहा महिने ज्याला तो भीत होता ते सगळं एका दमात झालं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. तो खिडकीच्या कडेला धरून उभा राहिला, आता काय होतंय ते बघत.

मागच्या म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर बोट टोचलं. "झालं का तुमचं? मला सोनोग्राफीला जायचंय. पोटात पाणी भरून उभा आहे मी इथे."

ताईंनी मास्तरकडे बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच. मग खालच्या खणातून एक कोरा केसपेपर काढला. "डॉक्टर काही मला आज आणता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "उद्याचा पहिला नंबर टाकते. दहा वाजता, वरचा मजला, डावीकडे. नाव?"

त्याने नाव सांगितलं.

"वय?"

"चौतीस."

"आणि ओरडू नका हो इतकं. मला बीपी आहे."

"सॉरी," तो म्हणाला.

बाहेरच्या पायऱ्यांवर बसून त्याने तो कागद दोनदा वाचला. विभागाचं नाव ताईंनी ठसठशीत लिहिलं होतं. हलकं बिलकं काही वाटत नव्हतं. जिना चढून आल्यासारखी नुसती धाप लागली होती, आणि उद्या परत यायचंय हे डोक्यावर होतंच. त्याने बायकोला फोन लावला. मागे पोरांचा कल्ला होता.

"बोल," ती म्हणाली. कालचा सूर अजून गेला नव्हता.

"उद्या दहाचा नंबर मिळालाय. दवाखान्यात. मानसोपचारला."

पलीकडे ती कल्ल्यापासून लांब गेली असावी. आवाज कमी झाला. "मी येऊ?"

"तुझी शाळा असते. मी जाईन की."

एक माणूस काठी टेकत त्याच्या शेजारून पायऱ्या चढून गेला.

"ये," मास्तर म्हणाला. "एकटा आलो तर गेटावरूनच फिरेन."

"थांब, फोन ठेवू नकोस."

मग तिचा आवाज लांबून आला, कुणाशी तरी बोलताना. "मोठ्या बाई, मला उद्या सुट्टी हवीय. नवऱ्याबरोबर दवाखान्यात जायचंय." आणि दुसरा, काळजीचा आवाज, "अगंबाई, काय झालं त्यांना?"

त्याने फोन कानाला घट्ट दाबला.

"एक मिनिट हं," ती तिकडे म्हणाली. मग फोन तोंडाजवळ आणून, हळूच, "काय सांगू?"

त्याने मांडीवरच्या कागदाकडे बघितलं.

"आहे ते सांग," तो म्हणाला.