चार मैत्रिणींचं एक मत

"सर, माझं गाणं ऐकून तुम्हाला पळून जावंसं वाटतं का?" मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून भोंगीनं भर वर्गात गणिताच्या सरांना विचारून टाकलं. भोंगी हे तिचं घरचं लाडाचं नाव. ते का पडलं असावं, असा प्रश्न या भावी गायिकेच्या मनाला कधी शिवलाच नव्हता.

सर हसले. "तुझ्या मैत्रिणी काय म्हणतात?"

"चौघीही म्हणतात, छान!"

"प्रत्येकीनं स्वतः ठरवलं, की एकीचं ऐकून बाकीच्यांनी माना डोलावल्या? तसं असेल तर मत एकच झालं, पोरी."

मधल्या सुट्टीत भोंगीनं चौघींना चार कोपऱ्यांत बसवलं, एक गाणं ठणकावून म्हटलं आणि बिननावाच्या चिठ्ठ्या मागितल्या. चारही चिठ्ठ्यांचा सूर एकच: गाणं काही खरं नाही, बाकीच्या म्हणाल्या म्हणून मीही छान म्हटलं.

मग पहिल्यांदा छान म्हणालं कोण? भोंगीनं डोकं खाजवलं आणि तिला खुदकन हसू आलं. "छान झालं ना गं?" हे तीच म्हणाली होती.

संध्याकाळी तिनं जाहीर केलं, "आई, बाबा, मी गायिका होणार नाही. बाथरूममधलं गाणं मात्र चालू राहील. त्यावर मतं मागवलेली नाहीत."