बारा एकर बागाईत

कानिफनाथला नागापूरच्या कारखान्यात नोकरी लागली, तर त्याच्याहून जास्त लाभ गाडेकर सरांचा होता. त्याला मिळणार कारकुनाचं स्टूल, सरांना उपप्राचार्याची खुर्ची. कॉलेजात नोकरी-मार्गदर्शन केंद्र निघालं, त्याचे प्रमुख सर झाले; पण दारावर पाटी लावण्यापलीकडे त्यांनी अजून कुणाला कुठं लावलं नव्हतं. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब राहात्याच्या बाजारात चारचौघांत म्हणाले होते, "गाडेकर, एक तरी पोरगं चिकटवा. मग तुमचं बघू."

कानिफनाथ पाथर्डीकडचा, ऊसतोडणीवाल्यांच्या घरचा, बी.कॉम.ला कॉलेजात पहिला. बाप नव्हता. आई साळूबाईची पाठ गेलेली, मोळी उचलवत नव्हती. पोरगं नोकरीला लागणारच, असं धरून तिनं बाहत्तरच्या त्या कोरड्या सालीही मुकादमाला नाही म्हणून सांगितलं होतं.

सरांनी मुलाखतीची तयारी करून घेतली. मुलाखती त्यांनी फारशा पाहिल्या नव्हत्या; सोयरिकी मात्र पुष्कळ जमवल्या होत्या. तोच हात त्यांनी इथं चालवला.

"घरी काय आहे विचारलं तर?"

"खडकाळ तुकडा हाय, सर. यंदा त्यात कुसळंबी उगवली न्हाईत."

"झालं. असल्या स्थळाला कोण पोरगी देईल? बारा एकर बागाईत सांग. खात्यापित्या घरचा म्हटलं की माणसाचा भरवसा बसतो."

कानिफनाथनं मान डोलावली. सर सांगतात म्हणजे पुस्तकातलंच असणार.

कारखान्याच्या साहेबानं मार्क पाहिले, अक्षर पाहिलं, खूश झाला. मग घरचं विचारलं. बारा एकर बागाईत ऐकल्यावर त्यानं फाईल मिटली. "म्हणजे पेरणीला, काढणीला तू गावी पळणार. बागाईतदारांची पोरं इथं टिकत नाहीत. ज्याच्यामागं काही नाही असा मुलगा पाठवा, म्हणावं तुमच्या सरांना."

कानिफनाथ तडक कॉलेजात आला. "सर, एक चिठ्ठी द्या. जमीन तुमीच सांगाया लावली हुती, पोराकडं काय न्हाई, एवढंच लिहा. साहेब घेतोय मला."

सरांनी पेन उघडलं. पण लिहायचं काय? केंद्राचा प्रमुखच पोरांना खोटं शिकवतो म्हणून? ही चिठ्ठी फिरत फिरत आबासाहेबांच्या हाती पडली म्हणजे? पेन मिटलं.

"एकदा सांगितलेलं फिरवलं की माणूस खोटा ठरतो, बाबा."

"मी ठरलोच की, सर."

"दुसरीकडं बघू तुझं."

जागा अजून रिकामी होती. सरांनी आबासाहेबांच्या पुतण्याला बोलावलं. हा बन्सी. दोनदा नापास होऊन कसाबसा सुटलेला, पण बागाईत खरंखुरं, पाटाच्या पाण्याचं.

"घरचं विचारलं तर?"

"सांगू की. तीस एकर ऊस—"

"एक गुंठाही नाही. आई मजुरीला जाते म्हणायचं."

बन्सी हसला. "चुलत्यानं ऐकलं तर पायताण काढंल, सर."

"चुलत्याचं मी बघतो."

चुलत्यानं पायताण काढलं नाही, पेढे काढले. सरांना खुर्ची मिळाली. साळूबाई मुकादमाच्या दारात पुन्हा गेली, तेव्हा तो म्हणाला, "आता व्हय? अगुदर लई तोरा हुता." मोसम सुरू झाल्यावर आलेल्याला हलक्या कामाची सवलत कसली. पाठीला लुगड्याचं फडकं आवळून ती फडात उतरली. कानिफनाथ पुढं तोडत जायचा, मोळ्या तिच्या डोक्यावर.

बन्सीला नोकरी, सरांना मान, आबासाहेबांना घरातली ब्याद टळल्याचं सुख, कारखान्याला मागं काही नसलेला मुलगा, निदान बोलण्यापुरता. ज्यानं त्यानं आपापलं उचललं. भरलं ते साळूबाईच्या पाठीनं.