सोसायटीच्या ओट्यावरची तपश्चर्या

उत्तरेश्वरचा गुडघा पहिल्यांदा गेला तो कामात, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना. त्याचा त्याला थोडा अभिमानच होता. दुसऱ्यांदा गेला तो दूध सोसायटीच्या चेअरमनच्या मिरवणुकीत, हलगीपुढे नाचताना. ऑपरेशन करून बसवलेलं लिगामेंट तुटलं आणि पुन्हा टेबलावर झोपावं लागलं. ज्याच्यासाठी नाचला, त्या चेअरमनला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

आता ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला होता. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक पुरी मजुरी; एकट्याला निम्मी. मुकादम आसारामने स्पष्टच सांगितलं होतं, "फळी चढत असशील तर चल. न्हाईतर मंजुळाबाई एकलीच, अर्ध्या कोयत्यावर." बायको एकटी मोळ्या वाहणार आणि आपण घरी कोंबड्या राखणार, या विचाराने त्याला रडू यायचं.

फिजिओथेरपीच्या मॅडमने व्यायाम दिला होता : घोंगडीची घडी घालायची, दुखऱ्या पायावर उभं राहायचं, डोळे मिटायचे. गावात सपाट जागा एकच, दूध सोसायटीचा ओटा. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, ओटा ओस पडला. पण पाण्याचा टँकर ओट्यासमोरच थांबायचा.

रांगेतल्या बायांनी पाहिलं : घोंगडीवर एका पायावर उभा, डोळे मिटलेले, तोल जाऊ नये म्हणून हात जोडलेले. गडी पावसासाठी तपाला बसला, असं गावभर झालं. रांगेतल्या छबुबाईने त्याच्यापुढे नारळ ठेवला. व्यायाम आहे म्हणून त्याने सांगायला हवं होतं. पण मिरवणुकीपासून सगळे हसत होते, आता पाया पडत होते. उत्तरेश्वरने दाढीही वाढवली.

एका सकाळी खरंच ढग आले.

"पाय टेकू नको रे बाबा!" छबुबाई ओरडली. "आभाळ भरलंय!"

सगळ्या घागरी थबकल्या. उत्तरेश्वरची मांडी पेटली, घाम डोळ्यांत उतरला. आता तिसऱ्यांदा तुटणार, तेही सोंगापायी, म्हणून तो मनापासून घाबरला. पण गुडघा लटपटला नाही. ढग नगरकडे निघून गेले, तेव्हा त्याने हळूच पाय टेकला.

सगळं गाव आभाळाकडे पाहत होतं, मंजुळाबाई तेवढी गुडघ्याकडे. ती पुढे आली आणि भरलेला हंडा त्याच्या डोक्यावर ठेवला.

"ओट्याच्या पायऱ्या उतरा, आन परत चढा."

तो उतरला, चढला. पाणी सांडलं नाही. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

छबुबाईने कपाळावर हात मारला. "पघा गं बायांनो! गावाचा पाऊस सोडून मेल्यानं सोताचा गुडघा मागून घेतला! आन माझा नारळ दे परत!"

नारळाची चटणी कधीच झाली होती.