मागच्या खोलीला हरकत

"रतन, तुझी एक सही हवी गं," म्हणत जॉर्जिना नकाशाची गुंडाळी घेऊनच स्वयंपाकघरात शिरली.

कल्याणच्या त्या सोसायटीत सगळी बैठी जोडघरं. दोन घरांत मिळून एक भिंत, मागे दोघांची लहान लहान अंगणं. रतनचा नवरा धोंडीबा आणि जॉर्जिनाचा गॅब्रिएल वागळे इस्टेटमध्ये एकाच कारखान्यात होते. दोघांनी ठरवून हे जोडघर घेतलं. आता दोघंही नव्हते. बायका मात्र तीस वर्षं एकमेकींना भिंतीवर टकटक करून हाका मारत आल्या होत्या.

जॉर्जिनाला मागच्या अंगणात एक खोली वाढवायची होती. मुलगा मार्विन तिच्याजवळच राहत होता, सून टान्याला सातवा महिना लागला होता. "परवानगी मिळेल म्हणतो आर्किटेक्ट. फक्त मधली भिंत सामाईक ना, म्हणून तुझं ना-हरकत पत्र जोडायचंय."

"ठेवून जा. वाचून करते सही," रतन म्हणाली. तिला वाचायचं काहीच नव्हतं. सही करायचीच नव्हती.

कारण अशीच खोली सहा वर्षांपूर्वी तिनं मनातल्या मनात बांधली होती. तिच्या मुलाचं, सुदेशचं लग्न झालं तेव्हा. घरात जागा पुरत नाही, अशी सून रुचिताची कुरकुर सुरू झाल्यावर रतननंच खोलीचा विषय काढला. सुदेशनं कागदांवर तिच्या सह्या घेतल्या आणि महिन्याभरानं येऊन सांगितलं, "नाही मिळत आई परवानगी. मागे सोडायची जागा कमी पडते म्हणतात." मग तो आणि रुचिता कोपरला फ्लॅट घेऊन गेले. रतननं कुणाला दोष दिला नाही. येईल-जाईल त्याला ती सांगायची, "मुलगा चांगलाय हो माझा, महापालिकेनं घर मोडलं."

आणि आता तेच अंगण, तेवढीच लांबीरुंदी, आणि जॉर्जिनाला परवानगी?

त्या आठवड्यात तिला भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायला लागलं. मार्विनचं "मम्मी, चहा ठेवू?", टान्याचं हसणं, जॉर्जिनाचं लटकं रागावणं. रतन टीव्हीचा आवाज वाढवायची. भिंतीवर टकटक झाली की गप्प बसायची. रविवारी जॉर्जिनानं डबा पाठवला, तो तिनं तसाच फ्रीजमध्ये ढकलला. सोमवारी बसून तिनं अर्ज लिहिला: शेजारच्या बांधकामानं माझ्या भिंतीला धोका आहे, आणि जी परवानगी आम्हाला नाकारली ती त्यांना कशी? रिक्षा करून ती स्वतः महापालिकेत गेली, अर्ज दिला आणि पोच घेऊन परतली. परतीच्या वाटेवर तिला चक्क बरं वाटलं. गरम वडे बांधून घ्यायलाही ती विसरली नाही.

दोघींना सुनावणीची पत्रं आली. जॉर्जिना पत्र हातात घेऊन दारात उभी राहिली.

"सही द्यायची नव्हती तर तोंडावर सांगायचंस, रतन. मी काय परकी होते?"

जॉर्जिनानं जाताना दार आपटलं असतं तर रतनला बरं वाटलं असतं. तिनं ते हळूच लोटून घेतलं.

सुनावणीला राजरत्न नावाचा तरुण अभियंता होता. त्यानं रतनचा अर्ज नीट वाचला. "मावशी, तुम्हाला परवानगी नाकारली म्हणता. ते पत्र आहे?"

"मुलाकडे असेल."

"हरकत नाही, इथंच बघतो." त्यानं कॉम्प्युटरवर शोधलं, मग कपाटातून जुनी नोंदवही मागवून दोन वर्षांची पानं उलटली. "तुमच्या घराचा अर्जच आलेला नाही. सहा वर्षांपूर्वी नाही आणि नंतरही नाही."

"नीट बघा ना. मी सह्या केल्यात त्याच्यावर."

"नीटच बघितलं, मावशी. अर्ज आला असता तर मिळालीही असती. दोन्ही घरांची मापं एकसारखीच आहेत. नियमाची जागा सोडूनही खोली आरामात बसते."

जॉर्जिना शेजारीच उभी होती. तिनं नजर खाली वळवली.

रतन व्हरांड्यात आली आणि तिनं फोन लावला. "सुदेश, तू अर्ज दिलाच नव्हतास?"

"आई, मी मीटिंगमध्ये..."

"हो की नाही, तेवढं सांग."

"नव्हता दिला. रुचिताला वेगळं राहायचं होतं. मलाही. तुझ्या तोंडावर बोलवेना गं."

"आणि मी सहा वर्षं भलत्यालाच शिव्या घातल्या," एवढं बोलून रतननं फोन ठेवला.

ती परत आत आली. "हरकत मागे घ्यायचीय मला. कुठं लिहू?" राजरत्ननं कोरा कागद दिला. पहिल्या ओळीलाच तिचं पेन अडलं. जॉर्जिनानं कागद आपल्याकडे ओढला, मजकूर लिहिला आणि सहीची जागा बोटानं दाखवली.

दोघी एकाच रिक्षानं परतल्या. पत्री पूल ओलांडल्यावर रतन म्हणाली, "तुझा हेवा वाटतो गं मला. आत्ताही वाटतोय. सही केली म्हणून गेला नाही तो."

"माझाही राग गेला नाही अजून," जॉर्जिना म्हणाली. "पण तू जेवली नाहीयेस सकाळपासून. घरी ये."

रतन गेली. टान्यानं वाढलं, ती जेवली.

पुढच्या महिन्यात परवानगी आली आणि मागे पाया खणायला सुरुवात झाली. त्याच रविवारी सुदेश एकटाच आला, मिठाईचा पुडा घेऊन. पलीकडे पहारीचे घाव पडत होते, म्हणून त्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं. "आई, तू म्हणशील तर आपणही आता अर्ज करू. खरंच करतो."

"तुम्ही येणार का राहायला?"

तो मिठाईच्या पुड्याची दोरी सोडायला लागला.

"मग नको," रतन म्हणाली. "तुला यावंसं वाटेल तेव्हा ये. नसेल वाटत तर नाही म्हण, मी ऐकून घेईन. पण कारणं आणू नकोस."

सुदेशनं मान हलवली. त्या दिवशी तो जेवायला थांबला. संध्याकाळी कोपरला जायला निघाला, तेव्हा मार्विननं कुंपणावरून विचारलं, "मावशी, आवाजाचा त्रास होतोय का?"

"होतो रे," रतन म्हणाली, "पण चालू दे. अंधार पडायच्या आत उरकून घ्या म्हणजे झालं," आणि ती सुदेशला फाटकापर्यंत सोडायला गेली.