पदरचं वाक्य

“असं लिहिलेलं आहे,” आमचे हे ख्रिस्ती देवळाच्या पुलपिटावरून, उपदेशाच्या चौथऱ्यावरून, म्हणाले, “थकलेल्याला परमेश्वर म्हणतो, तू बस, तुझ्या जागी मी उभा राहतो.”

मी दुसऱ्या बाकावर होते. मांडीवर शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडं आणि बोट ओळीवर. ही सवय यांनीच सगळ्या मंडळीला लावलेली. पाळक जे वाचेल ते आपल्या डोळ्यांनी पडताळून बघा, तोही माणूसच आहे, असं हे पहिल्या वर्षापासून सांगत आले. माझं बोट ओळीच्या टोकापर्यंत गेलं आणि थांबलं. ते वाक्य तिथे नव्हतं. मी वर पाहिलं, खाली पाहिलं, पान उलटून पाहिलं. कुठेच नव्हतं.

मागच्या बाकावरून हुंदका ऐकू आला. शिंपीणबाई रडत होती. तिचा नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्याची मशीन आणि त्याची गिऱ्हाइकं दोन्ही तिच्या गळ्यात पडली होती आणि कपडे शिवता शिवता तिचे पाय सुजत. ती वाकून पुन्हा पुन्हा तेच पुटपुटत होती, तू बस, तू बस. सगळं देऊळ शांत झालं होतं. एरवी यांच्या उपदेशात निम्मे लोक घड्याळाकडे आणि उरलेले छताकडे बघत असत. मला मात्र त्या शांततेची भीती वाटली.

हे म्हणजे माझा नवरा, या बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. उंची बेताची, आवाज कोरडा, आणि विनोदाचं म्हणाल तर लग्नापासून आजवर एकच, तोही माझ्या स्वयंपाकावर. उपदेश म्हणजे अध्यायातली एकेक ओळ घ्यायची, ती काय म्हणते ते सांगायचं आणि खाली उतरायचं. गोष्टी नाहीत, गाणी नाहीत, डोळ्यांत पाणी आणणं नाही. पदरचं काही घालायचं नाही, हे त्यांचं ब्रीद. एकदा बाहेरगावचे एक नावाजलेले उपदेशक आले होते. देव आपल्याशी स्वप्नात काय काय बोलला ते ते रंगवून सांगू लागले, तर हे चालू उपदेशात उठले, पुलपिटापाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, “एवढं पुरे. जे देव बोलला नाही ते त्याच्या नावानं सांगायचं म्हणजे त्याची खोटी सही करण्यासारखं आहे. मला त्याची भीती वाटते, तुम्हालाही वाटायला हवी.” पाहुणे न जेवता निघून गेले. त्यांच्यासाठी केलेलं जेवण आम्ही दोन दिवस खात होतो, आणि मी दोन्ही दिवस यांना टोमणे मारत होते.

अशा माझ्या नवऱ्याने आज पदरचं वाक्य घातलं होतं, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर मी सहज विचारावं तसं विचारलं, आजचं ते वचन कुठलं हो? त्यांनी बूट काढता काढता अध्याय सांगितला, ओळही सांगितली, एका दमात. चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. मी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होते, आणि शेवटची काही वर्षं म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काढली. जे आठवत नाही त्याची पोकळी माणसाचा मेंदू स्वतःच भरून काढतो आणि त्यालाही ते खरं वाटतं, हे मी कितीतरी जणांच्या बायकांना, मुलांना कॉरिडॉरमध्ये उभं करून समजावलं आहे. अशा वेळी कोणत्या स्वरात बोलायचं तेही मला येतं. पण ते समजून घेणाऱ्याच्या जागी कसं उभं राहायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आणखी एक वाक्य आलं. मग आणखी एक. सगळी सुंदर. हेच सगळ्यात वाईट होतं. या माणसाने मला साधं पत्रसुद्धा कधी धड लिहिलं नाही, पावसात अडकलो आहे, उद्या येतो, एवढंच. ही माया यांच्यात इतकी वर्षं कुठे दडून बसली होती, कोण जाणे. लोक वाढू लागले. मागच्या भिंतीशी खुर्च्या मांडाव्या लागल्या. पुलपिटाखाली आमचा बाप्तिस्म्याचा, पाण्यात बुडवून दीक्षा द्यायचा हौद आहे. एरवी त्यावर फळ्या टाकलेल्या असतात, त्यामुळे यांनी पाय बदलले की खालून पोकळ आवाज येतो. पूर्वी मला तो कधी जाणवला नव्हता. आता मी तेवढाच ऐकत बसे.

एक दिवस औषधांच्या दुकानात यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले. दुकानदार आमच्या मंडळीचे डीकन. सगळा कारभार तेच बघतात, आणि देवळात लावलेला प्रोजेक्टरचा मोठा पडदाही त्यांच्याच हौसेचा. त्या पडद्यावर वचनं आणि गाणी दिसायला लागल्यापासून लोकांनी शास्त्र आणणं सोडलं होतं. हे कुरकुरले, पण बहुमतापुढे हात टेकले.

मी गोळ्या पिशवीत टाकत म्हटलं, की यांचं हल्ली थोडं चुकतंय, तुमच्या कानावर घालायचं होतं. डीकननी दुकानात आणखी कुणी नाही असं बघितलं आणि काउंटरवर कोपरं टेकून ते माझ्याकडे वाकले.

“वहिनी, मला माहीत आहे. पहिल्याच दिवशी घरी जाऊन बघितलं मी. तसं काही लिहिलेलंच नाही.”

मला वाटलं, सुटले. ओझं वाटून घ्यायला कुणीतरी आहे. पण ते हसत होते.

“आणखी दोघा-तिघांना माहीत आहे. आम्ही ठरवलंय, बोलायचं नाही. अहो, इतकी वर्षं आम्ही त्यांना म्हणत होतो, जरा लोकांना धीर वाटेल असं बोला. आता बोलतायत. कुणाचं काय बिघडतंय?”

“त्यांचं बिघडतंय,” मी म्हटलं. “ज्या गोष्टीला हे जन्मभर भ्याले, तीच तुम्ही त्यांच्याकडून करून घेताय.”

“वर्षाखेरीला निवृत्तच होतायत ना? तोवर मानानं जाऊ द्या त्यांना. तुम्हीच सांगा, सगळ्यांपुढे तमाशा झालेला बरा का?”

मीही मनातल्या मनात तेच म्हणत आले होते. आपला माणूस मानाने घरी यावा, एवढंच कुणालाही वाटतं.

पण त्या रविवारी मी देवळात शिरले आणि दारातच थांबले. पडद्यावर, हाताएवढ्या अक्षरांत, तेच वाक्य होतं. थकलेल्याला परमेश्वर म्हणतो. खाली अध्याय, ओळीचा आकडा, सगळं रीतसर. हे पुलपिटाकडे जाताना थांबले, त्यांनी मान वर करून ते वाचलं आणि ओळखीचा माणूस भेटावा तशी मान डोलावली. लोक एका सुरात ते वाचू लागले. शिंपीणबाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आता ते वाक्य एकट्या आजारी माणसाचं राहिलं नव्हतं.

सोमवारी नाश्ता झाल्यावर मी भांडी तशीच टाकली आणि यांच्यापुढे बसले. सांगितलं. नर्सच्या स्वरात सुरुवात केली, पण दुसऱ्या वाक्याला तो स्वर फुटला. हे आधी चिडले, मग माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघून म्हणाले, “अगं, तुलाच सापडलं नसेल.” आणि शास्त्र घेऊन टेबलाशी बसले.

मी ओट्याशी उभी राहिले. पानं उलटण्याचा आवाज आधी सावकाश येत होता. मग भराभर. मग पुन्हा पहिल्यापासून, सावकाश. मला एकदा वाटलं, पुढे होऊन ते पुस्तक मिटून टाकावं आणि म्हणावं, माझंच चुकलं, आहे ते कुठेतरी. तसं केलं असतं तर दुपारपर्यंत ते सगळं विसरूनही गेले असते. जेवायची वेळ टळून गेली.

“पण पडद्यावर होतं,” शेवटी ते म्हणाले.

“तुमच्याच तोंडून ऐकून लावलंय ते.”

त्यांनी शास्त्र मिटलं. मग अगदी हळू, मुलाने विचारावं तसं, त्यांनी विचारलं, “मग हे मला कुणी सांगितलं?”

मी आजार समजावला. त्यांनी ऐकून घेतलं, मधे एकदोन प्रश्नही नीट विचारले. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो आजाराच्या भीतीने नव्हे, हे मला कळत होतं. आजाराला हे कधीच भ्याले नसते.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या कोटाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली. आज काय सांगायचं आहे त्याची आठवण म्हणून, त्यांनीच मागितली होती. पुलपिटावर गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा डीकनना पडदा बंद करायला सांगितलं. डीकन जागचे हलले नाहीत. हे थांबून राहिले. त्या थांबण्यात असं काही होतं की शेवटी डीकनना उठावं लागलं.

“गेले काही रविवार,” हे म्हणाले, “मी या जागेवरून देवाच्या नावानं जे बोललो, त्यातलं काही त्यानं सांगितलेलं नाही. ते माझं होतं. मला आजार झाला आहे. मला ते कळत नव्हतं. तुमच्यातल्या काही जणांना कळत होतं.”

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, बघितली, परत ठेवली.

“आजारी माणसाला देव क्षमा करील असं मी समजतो. पण तुम्ही धडधाकट आहात, आणि तुम्ही शास्त्र उघडलं नाहीत. गोड लागलं म्हणून गिळलंत. माझ्यानंतर जो येईल तो आजारी नसेल. तो माझ्यापेक्षा गोड बोलेल, आणि त्याला सगळं कळत असेल. त्याच्याही ओळीवर बोट ठेवा. देवाला भिऊन ऐका. मी एवढंच सांगायला उभा राहिलो आहे.”

तेवढ्यात शिंपीणबाई उठली. आमच्या देवळात उपदेशाच्या मधे कुणी उठत नाही, बायका तर नाहीच.

“पाळकसाहेब, मग ते... तू बस म्हणणारं, ते कुणीच म्हटलं नाही?”

मी यांच्याकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. देवाला तसंच वाटत असेल बाई, एवढं कुणीही म्हटलं असतं. मीसुद्धा म्हटलं असतं. दवाखान्यात अशी शंभर वाक्यं मी वाटली आहेत आणि त्याची मला लाज नाही.

“मी म्हटलं, बाई,” हे म्हणाले. “देव म्हणतो की नाही, ते मला माहीत नाही. लिहिलेलं नाही, एवढंच माहीत आहे.”

ती उभीच राहिली. मग तिने पिशवी उचलली आणि सुजलेल्या पायांनी मधल्या वाटेने चालत दाराबाहेर गेली. दार तिच्यामागे आपोआप लागलं. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचा संताप आला, आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, की असा माणूस मला पुन्हा कधी बघायला मिळणार नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या. त्या कशा जुळवायच्या ते मला अजून कळलेलं नाही.

शिंपीणबाई त्यानंतर देवळात आली नाही. रस्त्यात भेटली तर दुकानांच्या पाट्या वाचत पुढे जाते. नवे पाळक आले आहेत. बोलायला गोड, हातात हात घेऊन विचारपूस करतात. पडदा पहिल्यापेक्षा मोठा झाला. मी अजून दुसऱ्या बाकावर शास्त्र उघडून बसते आणि शेजारच्या बायका माझ्याकडे जरा सांभाळून बघतात, घरात आजारपण असलेल्या बाईकडे बघावं तसं. मागच्याच रविवारी एक वाक्य मला सापडलं नाही. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे माना वर करून पडद्याकडे बघत होते.

हे आता देवळात येत नाहीत. घरीही जेवणाआधी मोठ्याने प्रार्थना करत नाहीत. डोळे मिटून गप्प बसतात, आणि मी वाट बघते. कुठलं आठवलेलं आणि कुठलं आपोआप उगवलेलं, हे आता सांगता येत नाही म्हणून देवापुढे तोंड उघडायलाच ते धजत नाहीत. मी एकदा म्हटलं, तो काय तुमच्यावर रागावणार आहे का? त्यावर मान हलवून म्हणाले, रागाचं नाही गं.

काल दुपारी खिडकीशी बसवून मी त्यांची नखं कापत होते. उजवा हात झाला, डावा घेतला. ते इतका वेळ गप्प होते की मला वाटलं डुलकी लागली. तेवढ्यात ते म्हणाले, “तू समोर बसलेली असायचीस म्हणून मी त्या लोकांपुढे उभा राहू शकलो.”

सगळ्या संसारात असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी मान वर केली नाही, नखं कापत राहिले, कारण हात थांबवला असता तर मला रडू फुटलं असतं.

“हे कुठं लिहिलेलं नाही हं,” ते घाईने म्हणाले. “हे माझं आहे.”

मी म्हटलं, कळलं मला. करंगळीचं नख राहिलं होतं, तेही कापलं, आणि पडलेली नखं वेचून कागदात घेतली. तेवढ्यात त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि तेच वाक्य, पहिल्यांदाच सुचल्यासारखं, जपून म्हटलं. त्यापुढे तेही सांगितलं, की हे कुठं लिहिलेलं नाही, माझं आहे.

मी पुन्हा म्हटलं, कळलं मला.