भावकीचा घोट

"वट्यावरच थांब बे! उंबऱ्याच्या आत पाय टाकला त मी तुहा भाऊ नाही."

मोठा भाऊ हिंमतराव असा वरडला, तसा इंद्रभाननं उचललेला पाय खाली ठेवला. नऊ महिन्यांनी घरी आला होता. गल्लीतले लोक पाहून राह्यले होते. दारू पिऊन हाच मानूस याच गल्लीत नालीत पडे, तवा चार जन उचलून याच घरात आनून टाकत. आता आपल्या पायानं चालत आला, त उंबरा आडवा आला.

"काऊन दादा? चोरी केली का म्या?"

"किरिस्तावाच्या घरचं खाल्लं का नाही तू?"

"खाल्लं."

"अबे, नाही म्हन ना! आपल्या हातानं रांधून खाल्लं म्हन. कोन पाहाले गेलं नांदुऱ्याले?"

नाही म्हननं सोपं होतं. पन नांदुऱ्याच्या टेसनामांगं किरिस्ताव लोकांनी पिनाऱ्यांची दारू सोडवाले आसरा काढला होता, तिथं पयले आठ दिवस त्याचे हात असे थरथरत, का घास तोंडापर्यंत जात नसे. आसरा चालवनारी पुष्पाबाई त्याले चमच्यानं ज्वारीची पेज पाजे. अंगावर ओकला, त पदर धुऊन पुन्हा येऊन बसे. जात इचारली नाही, देव बदल असंही म्हटलं नाही. सकाळच्या प्रार्थनेत रोज त्याचं नाव घे. शिवी न लावता आपलं नाव कोनी घेते, हे त्यानं तिथंच ऐकलं.

"तिच्याच हातचं खाल्लं दादा. म्हनून जिता आहो."

भावकीतला सर्वात म्हातारा मानूस, नारायणकाका, खोकलत उठला. तंटा मिटवाले त्यानंच सारे जमवले होते. आंगनात पत्रावळी मांडून होत्या, वरनाचा वास सुटला होता.

"जाऊ दे हिंमत. आपली रीत हाये ना!" काकानं पितळी लोटा पुढं केला. "मोहाची हाये लेका, असली. माह्या हातून एक घोट घे, मंग सारे घेतीन, मंग पंगत. झाला तू आपला."

"याले शिक्षा कुठं, बक्षीसच देऊन राह्यले काका!" मांगून एक जन म्हने. सारे हासले.

सरकारनं दारूबंदी केली होती. भावकीच्या लोट्यातली मात्र कोनी बंद केली नव्हती. तिच्याबिगर सोयरीक पक्की होत नसे, का वाळीतला मानूस परत येत नसे.

इंद्रभाननं मान हालवली. "दुसरं काही सांगा काका. डोक्षं भादरा, गोमूत्र पाजा, वर्षभर मंदिर झाडतो. हे नाही."

"पाहा! आता याले भावकी बी कडू लागते," हिंमतराव म्हने.

तेवढ्यात इंद्रभानची बायको मंजुळा दारात आली. तिच्या कपाळावरचा जखमेचा वन इंद्रभाननंच केला होता, पिऊन, चिमट्यानं.

"घ्या ना," ती हळूच म्हने. "एकच घोट."

"तू म्हनते? तू, मंजुळा?"

"मंग काय करू? तुमी नाही घेतला, त मलेबी वाळीत टाकतीन. हिरीवर पानी भरू देनार नाहीत. आपल्या पोरीले कोन करून घेईन? मार सोसला म्या. हे एकटं पडनं नाही सोसत."

"माह्यासंगं चाल. पोरीले घे. पुष्पाबाईले रांधाले बाई पाहिजेच."

"अन् सारी जिनगी किरिस्तावाच्या दारात काढू?"

इंद्रभाननं आंगनाकडं पाह्यलं. साऱ्या आंगनात त्याचेच मानसं होते. दारू सुटली कशी, हे एकानंबी इचारलं नाही.

काकाले वाटलं, गडी नरमला. त्यानं लोटा पार नाकाखाली आनला. "घे लेका. बायकोच म्हनून राह्यली."

मोहाचा वास आला. इंद्रभानच्या तोंडाले पानी सुटलं. त्यानं खाली पाह्यलं, त उजवा हात आपसूक वर आला होता अन् बोटं लोट्याले लागले होते. हिंमतरावच्या तोंडावर हासू यून राह्यलं होतं.

त्यानं तो हात दुसऱ्या हातानं मनगटात धरला, मांगं वढला अन् तसाच घट्ट धरून ठेवला.

"मंजुळा, मी तिथंच आहो. तुह्या मनात येईन तवा ये. काका, लोटा बाजूले घ्या. मले आता निघा लागते."